अस्सल आहे, पण तुमच्या गाडीचे नाही: चोरबाजारातील एका दुकानाचे परीक्षण

मटण स्ट्रीटला लागून असलेल्या एका अरुंद गल्लीत जुन्या मोटारींच्या ॲक्सेसरीजचे एक दुकान आहे. गेल्या वर्षभरात मी तेथे चार वेळा गेलो, तीन वस्तू विकत घेतल्या, त्यांपैकी एक परत केली, आणि चौथी वस्तू मला विकण्यास दुकानदारानेच नकार दिला. हे परीक्षण लिहावेसे वाटले ते प्रामुख्याने त्या नकारामुळे. दुकानाचे नाव जाहीर करू नये अशी मालकांची विनंती असल्याने ते येथे देत नाही. चोरबाजाराची ज्यांना थोडीफार सवय आहे, त्यांना दारावर टांगलेल्या हबकॅपच्या माळेवरून ते सापडेल.

माझ्याकडे मामांची १९५२ ची मॉरिस मायनर आहे. ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने आपल्याकडे जोडून विकली होती. मामांच्या अल्बममध्ये खंडाळ्याला काढलेला एक फोटो आहे, त्यात पुढच्या बंपरवर डाव्या बाजूला एक जादा दिवा स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात बोरघाट चढणाऱ्या माणसाला धुक्याचा दिवा ही चैन वाटली नसणार, हे उघड आहे. पुढे कधीतरी तो दिवा गेला. बंपरवरचे भोक तेवढे राहिले. तसाच दिवा मिळावा म्हणून मी या दुकानात पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिसऱ्या फळीवर ल्युकास या ब्रिटिश कंपनीचा एक सुंदर फॉग लॅम्प, म्हणजे धुक्याचा दिवा, मला लगेच दिसला. काच शाबूत होती, काचेवर कंपनीचे नाव उमटलेले होते, कडीवरचे क्रोम फारसे उडालेले नव्हते. मी किंमत विचारली. दुकानातले वयस्कर मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी उत्तर देण्याआधी गाडीचे साल विचारले, दिवा उलटा करून मागच्या बाजूचा ठसा बोटाने पुसला आणि म्हणाले, “साहब, लाइट असली है, लेकिन आपके गाडी की नहीं है।” ठशात महिना आणि ‘६१’ हे साल होते.

या एका वाक्यात जो फरक आहे, तो ओळखता न आल्यामुळे आपल्याकडच्या जुन्या गाड्यांवर सर्वाधिक पैसा वाया जातो, असे माझे मत आहे. आपण वस्तू खरी की खोटी एवढेच विचारतो. वस्तू खरी असूनही ती त्या सालाची, त्या बनावटीची किंवा त्या बाजारपेठेसाठीची नसू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात गाडीवर जादा साज तीन वाटांनी येत असे. काही वस्तू कारखान्यातच बसवल्या जात, काही वितरक गाडी ताब्यात देण्यापूर्वी कंपनीच्या यादीतून बसवून देई, आणि काही मालक स्वतः बाजारातून आणून लावत असे. तिन्ही त्या काळच्याच. पण पहिल्या दोन प्रकारांना कंपनीच्या पुस्तिकेचा आधार असतो, तर तिसऱ्याला फक्त फोटो, पावती किंवा घरच्यांची आठवण यांचा. मामांचा दिवा बहुधा तिसऱ्या प्रकारातला होता. चाचांनी फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि दिव्याच्या व्यासावरून तो सात इंची असावा, समोरच्या फळीवरचा पावणेसहा इंची आहे, असे सांगितले. ल्युकासच्या क्रमांकांतही हा फरक लपलेला असतो: ५७६ हा पावणेसहा इंचांचा, ७०० हा सात इंचांचा, क्रमांकाआधी ‘एसएफटी’ असेल तर तो धुक्याचा, ‘एसएलआर’ असेल तर लांब पल्ल्याचा.

ठशातल्या सालाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ही सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित खूण आहे. ल्युकासच्या डायनॅमो, स्टार्टर, वायपरची मोटर अशा अनेक भागांवर कंपनीचा क्रमांक आणि जवळच महिना-वर्ष ठोकलेले असते. भागावरची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची असावी, हा साधा हिशोब. ती नंतरची असेल तर तो भाग मागाहून बदललेला आहे, मग तो कितीही चकचकीत असो. आपल्याकडे या हिशोबात थोडी ढील द्यावी लागते. सुटे भाग पेट्यांतून जहाजाने येऊन येथे जोडले जात, त्यामुळे भाग आणि गाडी यांच्या तारखांतले अंतर इंग्लंडमधल्या गाडीपेक्षा जास्त निघाले तर बिचकण्याचे कारण नाही. मात्र १९५२ च्या गाडीवर १९६१ चा दिवा कोणत्याही हिशोबात बसत नाही.

दुसऱ्या भेटीत मी व्हर्निअर कॅलिपर घेऊन गेलो. त्याचे चाचांना हसू आले, पण आक्षेप नव्हता. ब्रिटिश विद्युत साहित्यातले लहान स्क्रू बहुधा ‘बीए’ (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे असतात. त्यांतला दोन नंबरचा स्क्रू ४.७ मिलिमीटर जाडीचा आणि ०.८१ मिलिमीटर आट्यांचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढे अंतर असलेला, असतो. आपल्याकडे कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एम-५ स्क्रू ५ मिलिमीटर जाडीचा आणि ०.८ मिलिमीटर आट्यांचा. आटे मोजण्याची पट्टी लावली तर दोन्ही सारखेच वाटतात, फरक कळतो तो जाडीवरून. एखाद्या दिव्याच्या कडीत एम-५ बसवण्यासाठी मूळ भोकात नवा टॅप मारलेला असेल, तर तो दिवा निदान एकदा तरी कोणाच्या तरी हाताखालून गेला आहे, हे समजावे. मी घेतलेल्या सात इंची दिव्यात खालचा स्क्रू असाच बदललेला होता. चाचांच्या पुतण्याने तो आधीच दाखवला आणि किमतीतून पाचशे रुपये कमी केले. मेट्रिक आटे दिसले की नक्कल, असा सरसकट निकाल मात्र देऊ नये. मॉरिसच्या कोव्हेंट्रीतील काही जुन्या इंजिनांत बोल्टचे डोके व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याचे आणि आटे मात्र मेट्रिक असा विचित्र संकर होता, कारण तो कारखाना मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. ते आटे पाहून एखाद्या मेकॅनिकने अस्सल बोल्ट भंगारात टाकला, तर दोष बोल्टचा नसतो.

याच भेटीत माझ्यासोबत एक स्नेही होते. त्यांच्याकडे १९५१ ची प्लिमथ आहे, प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला जोडलेल्या गाड्यांपैकी. बॉनेटवरचे जहाज, म्हणजे प्लिमथची ती प्रसिद्ध शिडाची नौका, त्यांनी काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून घेतली होती आणि ती बॉनेटवरच्या भोकांना जुळत नव्हती. विक्रेत्याने त्यांना ‘हातात घेऊन बघा, किती जड आहे’ असे सांगून पटवले होते. चाचांनी ती तराजूवर ठेवली, शेजारी तशाच लांबीचा एक जुना, फोड आलेला मॅस्कॉट, म्हणजे बॉनेटवरची शोभेची मूर्ती, ठेवला आणि आकडे दाखवले. आमच्या स्नेह्यांचा चेहरा उतरला. युद्धोत्तर काळातील असे बहुतेक अमेरिकन मॅस्कॉट जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबाने ओतलेले असत. नकला पितळेच्या, वाळूच्या साच्यातल्या असतात. पितळेची घनता साधारण साडेआठ, जस्ताच्या मिश्रधातूची साडेसहाच्या थोडी वर. म्हणजे आकार तोच असेल तर नक्कल सुमारे पाव पटीने जड भरते. जड ते चांगले ही आपली भांडीबाजारातली समजूत येथे नेमकी उलटी पडते.

भोके न जुळण्याचे कारणही त्याच पितळेत होते. मूळ वस्तूचाच ठसा घेऊन साचा बनवला आणि त्यात पितळ ओतले, की थंड होताना ते साधारण दीड टक्का आकसते. वीस सेंटिमीटरच्या वस्तूत हा फरक तीन मिलिमीटरचा होतो, आणि खालचे खुंट बॉनेटच्या भोकांत उतरत नाहीत. अक्षरांच्या कडाही बोथट होतात, पण ते पाहण्यासाठी चांगला उजेड लागतो, आणि चोरबाजारातल्या दुकानांत चांगला उजेड कधीच नसतो. खिशात टॉर्च असावा. लोहचुंबक मात्र येथे कामाचा नाही, कारण जस्त आणि पितळ दोन्ही त्याला दाद देत नाहीत. पत्र्याची कडी लोखंडाची की पितळेची, एवढेच तो सांगू शकतो.

क्रोमवरूनही घाईने निष्कर्ष काढू नयेत. चांगल्या क्रोमखाली निकेलचा थर असतो, आणि १९५१ ते १९५३ च्या सुमारास कोरियातील युद्धामुळे अमेरिकेत निकेलच्या वापरावर बंधने होती. त्या काळातल्या अस्सल वस्तूंचे क्रोमच मुळात हलके निघाले. फोड आलेला, पांढुरका पडलेला भाग म्हणूनच कधी कधी नव्याने चकाकणाऱ्या भागापेक्षा अधिक खरा असतो. आमच्या स्नेह्यांना चाचांनी तो फोड आलेला जुना मॅस्कॉटच देऊ केला. तो त्यांनी घेतला नाही, याचे मला वाईट वाटले.

मुंबईच्या हवेचा विचार केला तर काही वस्तू आपोआपच संशयास्पद ठरतात. एका कपाटात स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचा गाडीत बसवायचा हीटर होता. इंग्लंडमध्ये तो लोकप्रिय जादा साज होता. मुंबईत जोडलेल्या आणि मुंबईतच वापरलेल्या गाडीत तो कोणी पैसे मोजून बसवला असेल, यावर विश्वास बसणे कठीण आहे. गाडीत तो असेल तर गाडी बाहेरून आलेल्या मालकासोबत आली असावी किंवा थंड प्रदेशात वापरली गेली असावी, आणि तसे असेल तर नोंदणीच्या पुस्तकात तिची खूण मिळते. खिडकीला अडकवायचा पाण्याचा कूलर हे त्याचेच दुसरे टोक. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात तो उपयोगी होता. आपल्या दमट हवेत पाणी उडून थंडावा येण्याची शक्यताच कमी, त्यामुळे दादरच्या गाडीवरचा असा कूलर पाहून मला तरी तो प्रदर्शनासाठीच लावला आहे असे वाटते. उलट विंडस्क्रीनवरचा बाहेरचा सन-व्हायझर, छतावरचे कॅरिअर, वेताची किंवा कापडी आसनावरणे हे येथे खरोखर वापरलेले सामान. आयातीवर कडक निर्बंध आले तेव्हा यांतले बरेचसे येथील कारागिरांनीच बनवले. त्यावर परदेशी कंपनीचा ठसा नाही म्हणून ते उपटून टाकणाऱ्या मालकांशी माझे पटत नाही. चाचांचेही पटत नाही, पण त्यांचे कारण व्यापारी आहे: असे सामान विकत घ्यायला कोणी येत नाही, म्हणून ते त्यांच्याकडे साठून राहते.

स्पीडोमीटरच्या बाबतीत दुकानाचा साठा चांगला आहे. स्मिथ्सच्या तबकडीवर तळाशी बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी केबल एका मैलाला किती फेरे घेते तो आकडा असतो. हा आकडा गाडीच्या गिअर आणि डिफरन्शिअलला अनुसरून ठरलेला असल्याने, दुसऱ्या गाडीची देखणी तबकडी आणून बसवली तर काटा हलतो, पण खोटा बोलतो. शिवाय १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली. १९५२ च्या आपल्याकडच्या ब्रिटिश गाडीवर किलोमीटरची तबकडी दिसली, तर ती नंतर बदलली असण्याचीच शक्यता जास्त. मी येथून घड्याळ घेतले, स्पीडोमीटर नाही. घड्याळ दिवसाला सहा मिनिटे मागे पडते आणि त्याची कल्पना मला आधी दिलेली होती.

तिसरी वस्तू म्हणजे रेडिओची बटणे, आणि येथे दुकानाविषयी तक्रार आहे. इंग्लंडमधल्या रेडिओमोबाइल कंपनीच्या संचाची म्हणून विकलेली दोन हस्तिदंती रंगाची बटणे मी घरी आणून धुतली, तेव्हा एकाच्या आतल्या बाजूला हवेचे बुडबुडे दिसले. रेझिनमध्ये ओतलेली ती अलीकडची नक्कल होती. त्या दिवशी चाचा दुकानात नव्हते आणि विकणाऱ्या मुलाला बहुधा फरकच माहीत नव्हता. पण गिऱ्हाइकाने दुकानात कोण बसले आहे हे पाहून खरेदी करावी, ही अपेक्षा योग्य नाही. परत करायला गेलो तेव्हा रोख पैसे मिळाले नाहीत, तेवढ्या किमतीचे दुसरे सामान घ्या असे सांगण्यात आले. मी कापडी वेष्टणाची जुनी वायर घेतली. ती मात्र उत्तम निघाली: १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांप्रमाणे सुती विणीची, रंगीत धाग्यांची, बॅटरीकडून येणारी तपकिरी आणि हेडलाइटची निळी. दिव्याला नवी प्लास्टिकची लाल-काळी वायर जोडून त्याला अस्सल म्हणवणाऱ्यांसाठी हा तपशील क्षुल्लक असेल. मी बॉनेट उघडतो तेव्हा मला तो आधी दिसतो.

रेडिओचीच गोष्ट निघाली म्हणून एक जोड. आमच्या प्लिमथवाल्या स्नेह्यांना तेथे डेल्कोचा सहा व्होल्टचा व्हॉल्व्हचा रेडिओ आवडला होता. डेल्को हे जनरल मोटर्सच्या घरचे नाव. प्लिमथ क्रायस्लरची, तिच्या कंपनीच्या ॲक्सेसरीजवर ‘मोपार’ हे नाव असते. शिवाय त्या काळी शेवरलेत बॅटरीचे ऋण टोक आणि प्लिमथमध्ये धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले (अर्थ केलेले) असे. काही रेडिओंना हा फरक चालतो, काहींचा त्याने निकाल लागतो. चाचांनी हे सगळे स्वतःहून सांगितले आणि आणखी एक गोष्ट सुचवली, जी मला सर्वांत मोलाची वाटली: घरात जुनी कागदपत्रे शोधा. रेडिओ ठेवण्यासाठी तेव्हा पोस्टातून परवाना घ्यावा लागे. त्याची पुस्तिका सापडली, तर गाडीत रेडिओ होता की नव्हता हा वाद दुकानाबाहेरच मिटतो.

गाडीवरची भोकेही अशीच साक्ष देतात. कारखान्यात पाडलेल्या भोकाच्या कडेला मूळ रंग आतपर्यंत पोहोचलेला असतो. नंतर ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड उघडी पडून गंजते. ब्रॅकेटखालचा रंग बाकीच्यापेक्षा गडद राहिला असेल, तर वस्तू तेथे पुष्कळ वर्षे होती. माझ्या बंपरवरच्या भोकाचा फोटो पाहून चाचांनी दिवा मूळचा कारखान्यातला नाही, पण पुन्हा रंग होण्यापूर्वीच्या पहिल्या काही वर्षांतला आहे, असा अंदाज सांगितला. अंदाज म्हणूनच सांगितला, हे नोंदवले पाहिजे.

दुकानाच्या बाकीच्या बाबी थोडक्यात. किमती फळीवर लिहिलेल्या नाहीत आणि घासाघीस होते, पण सात इंची दिव्यासाठी मी दिलेले साडेसहा हजार रुपये मला जास्त वाटले नाहीत. पक्के बिल मागावे लागते आणि ते दिल्यावरही त्यावर ‘पुराना लाइट’ एवढेच लिहिलेले असते; साल, क्रमांक आणि ‘नक्कल नाही’ असे स्वतः आग्रहाने लिहून घ्यावे. डेंटिंग, पेंटिंग किंवा क्रोम हे काम ते करत नाहीत, कोणाकडे न्यावे हेही सहसा सांगत नाहीत. या भागात काही विक्रेते ‘व्हिंटेज नंबरसाठी असली सामान’ असे सांगून भाव वाढवतात. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न झालेल्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो आणि नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. त्या निकषांत बंपरवरच्या जादा दिव्याचा उल्लेख नाही. या दुकानात तसा दावा मी एकदाही ऐकला नाही, आणि हे मी त्यांच्या बाजूने धरतो.

दुकान सकाळी अकरानंतर उघडते, शुक्रवारी बंद असते. त्या दिवशी पहाटे रस्त्यावर भरणारा जुम्मा बाजार ही वेगळी गोष्ट, तेथे ठसे वाचायला ना वेळ मिळतो ना उजेड. सँडहर्स्ट रोड किंवा ग्रँट रोडवरून चालत जाणे बरे, गाडी नेऊ नये. चाचा दुपारी असतात, हे मी आता विचारून ठेवले आहे. १९६१-६२ ची ब्रिटिश गाडी असलेल्यांसाठी एक माहिती: तो पावणेसहा इंची दिवा मागच्या मंगळवारपर्यंत तिसऱ्या फळीवरच होता.